टोया विलकॉक्स: आधी रंगमंच, मग माइक

टोया विलकॉक्सची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात करून दिलेली असते: ऐंशीच्या दशकातली ब्रिटिश पंक (म्हणजे खरखरीत, बंडखोर रॉक) गायिका, पुढे अभिनयाकडे वळली. तारखा समोर ठेवल्या की हा क्रम कोलमडतो. 'इट्स अ मिस्टरी' हे तिचं गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोचलं १९८१ साली. तोवर नॅशनल थिएटरचं नाटक, डेरेक जार्मनचे दोन सिनेमे, कॅथरीन हेपबर्नसोबतचा टीव्हीपट आणि 'क्वाड्रोफिनिया' हा सिनेमा एवढं तिचं करून झालं होतं. गाण्यात ती आली तेव्हा नटी म्हणून तयार होऊन आली. तिच्या गाण्यातल्या चांगल्या-वाईट बहुतेक गोष्टींचं मूळ मला तिथेच दिसतं.

जन्म १८ मे १९५८, बर्मिंगहॅममधल्या किंग्ज हीथ भागात. पाठीचा कणा वाकडा, उजवं पाऊल जन्मतः वळलेलं, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आणि बोलण्यात 'स' नीट न उमटणं, एवढं सगळं जन्मापासून सोबत. लहानपणीची कित्येक वर्षं उपचारांत गेली. शाळेच्या शेवटी ओ-लेव्हल या शालान्त परीक्षेत पास झालेला विषय एकच, संगीत. त्यानंतर बर्मिंगहॅमच्या ओल्ड रेप थिएटर स्कूलमध्ये प्रशिक्षण आणि जोडीला नाटकांच्या कपडेपटात काम. कपडेपटातलं काम कमी लेखू नये. विंगेत उभं राहून रोज तोच प्रयोग पाहताना नट आवाज कुठे राखून ठेवतो आणि कुठे खर्च करतो ते नुसत्या नजरेने शिकता येतं.

पहिली भूमिका १९७६ची. बीबीसीच्या 'सेकंड सिटी फर्स्ट्स' या मालिकेतलं 'ग्लिटर' नावाचं छोटं नाटक. त्यात ती अशी मुलगी होती जिला काहीही करून 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात गायचंय. पाचेक वर्षांनी ती त्याच कार्यक्रमात स्वतःचं गाणं घेऊन उभी राहिली. 'ग्लिटर'मध्ये तिच्यासोबत फिल डॅनियल्स होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

त्या कामामुळे तिला नॅशनल थिएटरचं बोलावणं आलं. १९७७च्या सुरुवातीला 'टेल्स फ्रॉम द व्हिएन्ना वुड्स' या नाटकात एमाची भूमिका, दिग्दर्शक मॅक्सिमिलियन शेल. टोया तेव्हा अठरा वर्षांची होती. नॅशनलचं ऑलिव्हिए सभागृह हजाराहून जास्त आसनांचं आहे आणि तिथे शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तर घसा ताणून चालत नाही. श्वास खालून घ्यावा लागतो आणि व्यंजनं चावून बोलावी लागतात. पंक बँडच्या गायकांचं नेमकं इथेच बिनसायचं. छोट्या क्लबातल्या भिकार स्पीकरवर ढोल-गिटारच्या वर जायला ओरडायचं आणि आठवड्याभरात आवाज बसवून घ्यायचा. टोयाच्या सुरुवातीच्या ध्वनिफिती ऐका. किंचाळी आहे, पण तिच्या आधी आणि नंतर शब्द स्पष्ट आहेत. ही सवय नाटकाने लावलेली.

त्या काळी ब्रिटनमध्ये व्यावसायिक अभिनय करायला इक्विटी या नटांच्या संघटनेचं कार्ड लागे. कार्ड नाही तर काम नाही, आणि काम नाही तर कार्ड नाही. त्यामुळे 'गायिका झाली, आता सिनेमात घ्या' हे तेव्हा वाटतं तितकं सरळ नव्हतं. टोया आतून आलेली, म्हणून तिला हे दार ठोठवावं लागलं नाही.

बँडही १९७७मध्येच जमू लागला. गिटारवादक जोएल बोगन हा त्याचा कणा. १९८३पर्यंत बहुतेक गाण्यांना चाल त्याची आणि शब्द टोयाचे. कीबोर्डवर पीट बुश, ड्रम्सवर स्टीव्ह ब्रे. त्याच सुमारास डेरेक जार्मन 'ज्युबिली'ची जुळवाजुळव करत होता. १९७८मध्ये आलेल्या या सिनेमात पहिली एलिझाबेथ राणी किमयागार जॉन डीच्या मदतीने भविष्यात येते आणि मोडकळीला आलेलं पंक लंडन पाहते. टोयाची भूमिका मॅड नावाच्या आग लावत सुटणाऱ्या मुलीची. नारिंगी रंगाचे बारीक कापलेले केस, आणि प्रत्येक वाक्य अंगावर येऊन बोलणं. जार्मनने तिच्यापुढे संहिता ठेवून हवी ती भूमिका निवड असं सांगितलं, आणि तिने सगळ्यात जास्त संवाद कुठल्या पात्राला आहेत ते पाहून मॅड निवडली, असं ती सांगत आली आहे. मला हा किस्सा आवडतो तो त्यातल्या व्यावहारिकतेसाठी. नवीन नटीने नेमकं हेच मोजायचं असतं.

या भूमिकेला एक जोड आहे. 'ज्युबिली'चं नाट्यरूपांतर २०१७मध्ये मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये आणि २०१८मध्ये लंडनच्या लिरिक हॅमरस्मिथमध्ये झालं. त्यात टोयाने एलिझाबेथ राणीची भूमिका केली. चाळीस वर्षांपूर्वी जिने आग लावली, तीच आता मुकुट घालून ती आग पाहत होती. असा योग नटाच्या वाट्याला क्वचित येतो.

१९७९ हे तिचं सगळ्यात दाटीवाटीचं वर्ष. 'द कॉर्न इज ग्रीन' या टीव्हीपटात ती बेसी वॉटी झाली. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर आणि हेपबर्न यांचं हे एकत्र केलेलं दहावं आणि शेवटचं काम. 'क्वाड्रोफिनिया'मध्ये मंकी, नायक जिमी म्हणजे तोच फिल डॅनियल्स. आयटीव्हीच्या 'क्वाटरमास'मध्येही ती होती. आणि शेक्सपिअरच्या नाटकावरून जार्मनने केलेल्या 'द टेम्पेस्ट'मध्ये मिरांडा. मंकी आणि मिरांडा लागोपाठ पाहावेत असं मी आग्रहाने सांगेन. मंकी सतत हलत असते, घोळक्यात घुसते, कुणाचं लक्ष आहे का ते चोरून पाहते. मिरांडा वारविकशरच्या स्टोनली ॲबीतल्या अंधाऱ्या दालनांत फिरते. वेणीत शिंपले अन् मणी, आणि बोलणं मात्र अगदी साधं, शेक्सपिअरचं ओझं न वाटू देणारं. मिरांडाला अनेकजणी नाजूक करून टाकतात. टोयाची मिरांडा बेटावर एकटी वाढलेली, जरा रांगडी पोर वाटते, आणि संहितेला धरून तेच बरोबर आहे.

मिरांडाचं सगळ्यात गाजलेलं वाक्य 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'चं. १९८२मध्ये टोयाच्या एका गाण्याचं नाव तेच आहे. १९९१च्या अल्बमचं नाव 'ओफिलियाज शॅडो', ओफिलिया म्हणजे 'हॅम्लेट'मधली. तिच्या गाण्यांची नावं वाचत गेलं तर पात्रांची यादी वाचल्यासारखं वाटतं: 'वॉर बॉइज', 'मॅरिओनेट', 'मसाई बॉय', 'डिमॉलिशन मेन', 'द ड्रुइड्स'. स्वतःबद्दल सरळ गाणं ती सुरुवातीला फार कमी करते. कुणाचं तरी सोंग घेते आणि त्या सोंगाच्या आवाजात गाते.

हे सोंग आवाजात कसं उतरतं ते 'आय-ईया'मध्ये नीट ऐकू येतं. १९८०च्या 'द ब्लू मीनिंग' या अल्बमवरचं हे पहिलंच गाणं, जवळपास आठ मिनिटांचं. त्यात ठरीव कडवं-ध्रुवपद असा हिशेब नाही. तालाचं एकच चाक फिरत राहतं आणि वर टोया आवाज बदलत जाते: कुजबुज, पोरकट हेका, पोटातून आलेली गुरगुर, मग अचानक तारसप्तकात मारलेली उडी. श्वास कुठे घेते त्याकडे कान द्या. गायिका सुरावट संपल्यावर श्वास घेते, ही वाक्याचा अर्थ पुरा होईल तिथे घेते. त्यामुळे कधीकधी सूर थोडा घसरतो, पण म्हणणं निसटत नाही. 'स'चा तो जन्मजात दोषही तिने कधी लपवला नाही. 'मिस्टरी' या शब्दात तो स्वच्छ ऐकू येतो आणि ब्रिटनमध्ये तिची नक्कल करणारे हमखास तोच पकडत. 'अँथम'वर 'एलोक्यूशन लेसन' नावाचं एक गाणंच आहे. ज्या मुलीचा उच्चार लहानपणापासून सुधारला जात होता, तिने ते गावं हे मला फार धीट वाटतं.

आता १९८१. टोयाच्या तबकड्या काढणारी सफारी ही लंडनची छोटी स्वतंत्र कंपनी, वेन काउंटी अँड द इलेक्ट्रिक चेअर्स या पंक बँडच्याही तबकड्या काढणारी. १९८०च्या अखेरीला जुना बँड विस्कटला, बोगन तेवढा राहिला. नवे आले ते बास वाजवणारा फिल स्पॉल्डिंग, ड्रमर नायजेल ग्लॉकलर (हाच पुढे सॅक्सन या हेवी मेटल बँडमध्ये गेला) आणि कीबोर्डवर एड्रियन ली. निर्माता निक टाउबर. 'इट्स अ मिस्टरी' मुळात ब्लड डोनर या बँडमधल्या कीथ हेलचं गाणं, लांबलचक आणि बरंचसं वाद्यांनी भरलेलं. ते कापून, नव्या ओळी घालून, एक पॉप गाणं तयार झालं. पूर्वीच्या चाहत्यांना ते गुळगुळीत वाटलं, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याची बांधणी पाहा. कडव्यात आवाज खाली, जवळजवळ कानात सांगितल्यासारखा, आणि ध्रुवपदाला दार उघडतं. रंगमंचावर प्रवेश घेण्याची ही जुनी रीत आहे.

पुढचे महिने असे गेले. फेब्रुवारीत चार गाण्यांची तबकडी 'फोर फ्रॉम टोया', 'इट्स अ मिस्टरी' यातलंच, चौथा क्रमांक. मग 'आय वॉन्ट टू बी फ्री', आठवा. मे महिन्यात 'अँथम' अल्बम, दुसरा. शरद ऋतूत 'थंडर इन द माउंटन्स', पुन्हा चौथा. वर्षाच्या शेवटी 'फोर मोर फ्रॉम टोया', चौदावा. आणि २४ डिसेंबरच्या रात्री लंडनच्या थिएटर रॉयल ड्रुरी लेनमधून बीबीसीवर थेट मैफल. इतक्या वेगाचा परिणाम ठरलेला असतो: नवीन गाणी दौऱ्याच्या मधल्या फटींत लिहिली जातात, आणि केस-रंग-पोशाख हाच बातमीचा विषय होऊन बसतो. केशरी केस आणि चेहऱ्यावरची नक्षी लोकांच्या लक्षात राहिली, 'द ब्लू मीनिंग'ची धार राहिली नाही. ही तक्रार मी कायम करत राहणार.

१९८२च्या 'द चेंजलिंग'ने मात्र मार्ग बदलला. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ड्रम्सवर सायमन फिलिप्स. ड्रम्स मोठ्या दगडी खोलीत वाजल्यासारखे, गिटार मागे सरकलेली, आणि मजकूर अंधारा. सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, पण त्यातलं एकही गाणं पहिल्या वीसात पोचलं नाही. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' एकविसावर थांबलं. सगळे अल्बम तराजूत घातले तर माझं पारडं इथेच झुकतं.

आणि मग यश हातात असताना तिने कुस्तीचं नाटक धरलं. क्लेअर लकमचं 'ट्रॅफर्ड टँझी', १९८३, लंडनचं मर्मेड थिएटर. नाटक रंगमंचावर होत नाही, कुस्तीच्या रिंगणात होतं. दहा फेऱ्या. टँझीचं आयुष्य म्हणजे आई, बाप, शाळा, मानसोपचारतज्ज्ञ आणि नवरा डीन रेबेल यांच्याशी झालेल्या झुंजी. शेवटच्या फेरीत नवऱ्याशी पैज: हरेल त्याने घर सांभाळायचं. प्रेक्षक चारही बाजूंनी आरडाओरडा करतात आणि मधूनच गाणी असतात.

या भूमिकेतली खरी अडचण श्वासाची. फेकलं गेल्यावर पडायची एक पद्धत असते: हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं आपटत नाही, अंग जमिनीला लागतं त्याच क्षणी पसरलेल्या हाताने चटईवर जोरात थाप मारायची म्हणजे धक्का वाटला जातो, आणि पडताना श्वास बाहेर सोडायचा. श्वास कोंडून पडलात तर छातीला मुका मार बसतो आणि पुढची काही सेकंदं आत हवा ओढता येत नाही. गाण्याला नेमकं उलटं हवं असतं, फुप्फुसं भरलेली आणि बरगड्या उघड्या. म्हणजे पडायचं, रिकामं व्हायचं, उठेपर्यंत एका संवादाच्या आडून भरून घ्यायचं आणि गाणं धरायचं. हे आठवड्यात अनेकदा, एक पाय आखूड असलेल्या बाईने. दिवसा त्याच काळात 'लव्ह इज द लॉ'चं ध्वनिमुद्रण चालू होतं. त्या अल्बमवर आवाज पूर्वीपेक्षा भरीव आणि खालच्या पट्टीत सैल वाटतो. मला त्यामागे टँझी दिसते. अल्बम अठ्ठाविसावर अडकला आणि बँडचा तो शेवटचा ठरला. बोगनची आणि तिची वाट इथे वेगळी झाली.

त्याच वर्षी हेच नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'टीनेक टँझी' या नावाने आलं, आणि टँझीच्या भूमिकेत ब्लाँडी या अमेरिकन बँडची गायिका डेबी हॅरी होती. २० एप्रिल १९८३ला उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी नाटक बंद पडलं. दोष एकट्या हॅरीचा नव्हता. उत्तर इंग्लंडच्या कामगारवस्तीतली झटापट न्यू जर्सीत नेऊन बसवली की तिचा पायाच हलतो. पंकच्या काळातून आलेल्या दोन गायिका, एकच भूमिका, एकच वर्ष. तुलना करायला याहून चांगला धडा मिळणार नाही. हॅरीची खरी ताकद कॅमेऱ्यासमोर होती, त्याच वर्षीच्या 'व्हिडिओड्रोम' या सिनेमात ती दिसते.

तिसरं नाव हेझल ओकॉनरचं. 'ब्रेकिंग ग्लास' या १९८०च्या सिनेमात ती नायिका आणि गाणीही तिचीच. 'एट्थ डे' पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. तिच्यासमोर कोण होता? फिल डॅनियल्स. ओकॉनरचा सिनेमा आणि गाणी एकमेकांत इतकी गुंतली की लोकांना ती त्या पात्रापासून वेगळी काढता येईना. टोयाचं तसं झालं नाही, कारण तिचे सिनेमे आणि तिच्या तबकड्या नेहमी वेगळ्या फळीवर राहिल्या. 'द टेम्पेस्ट' पाहून कुणी 'अँथम' घेतला नसेल.

१९८४मध्ये 'द एबनी टॉवर' या टीव्हीपटात लॉरेन्स ऑलिव्हिए आणि ग्रेटा स्काकीसोबत काम. १९८५चा अल्बम 'मिंक्स' मोठ्या कंपनीकडून निघाला, महागडा आणि निर्जीव, त्यावर जास्त थांबायला नको. १९८७मध्ये लंडनच्या वेस्ट एंडला 'कॅबरे' या संगीत नाटकात सॅली बोल्सची भूमिका.

१६ मे १९८६ला तिने किंग क्रिमसन या रॉक बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याच्याशी लग्न केलं, आणि इथून गाण्यापेक्षा बोलणं वरचढ होतं. 'द लेडी ऑर द टायगर?'मध्ये ती फ्रँक स्टॉकटनच्या कथा वाचते आणि मागे फ्रिपच्या गिटार आहेत. १९८८चा अल्बम 'प्रॉस्टिट्यूट' तर जवळजवळ एकपात्री प्रयोगच आहे, लग्न झालेल्या बाईकडे जग कसं बघतं त्यावरचा, रागावलेला आणि अवघड. 'ओफिलियाज शॅडो' त्याहून शांत आणि पक्का. पुढे द ह्यूमन्स या बँडमध्ये ती बिल रिफ्लिनसोबत होती. २००९पासून तीन अल्बम, बास आणि आवाज यांच्यावर उभे. आणि हो, 'टेलिटबीज' या लहान मुलांच्या टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी बोलणारा आवाज तिचाच. कोट्यवधी पोरांनी तो ऐकला, नाव न कळता.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी काही खाचखळगे. 'शीप फार्मिंग इन बार्नेट' या नावाच्या दोन गोष्टी आहेत: १९७९ची सहा गाण्यांची छोटी तबकडी आणि नंतरचा पूर्ण अल्बम. पूर्ण अल्बमच घ्या. 'थंडर इन द माउंटन्स' आणि 'बी प्राउड बी लाउड' ही गाणी मूळ अल्बमांवर नाहीतच, ती सुटी निघाली. 'अँथम'मध्ये शोधत बसू नका. 'टोया! टोया! टोया!' हा जून १९८०मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या लाफायेट क्लबात मुद्रित केलेला अल्बम पहिल्या बँडचा शेवटचा पुरावा आहे. 'डान्स्ड' तिथलंच ऐका, संथ सुरू होऊन अंगावर धावून येतं. सगळ्यात मोठा घोळ ऑनलाइन होतो. १९९५च्या 'लुकिंग बॅक'साठी तिने जुनी गाजलेली गाणी नव्याने गायली, १९९६मध्ये अकूस्टिक रूपंही आली, आणि स्वस्त संग्रहांत बहुधा हीच भरलेली असतात. 'इट्स अ मिस्टरी' ऐकताना कीबोर्ड गुळगुळीत आणि आवाज वयस्क वाटला तर समजा की चुकीचं रूप लागलंय. २०२०पासून चेरी रेड कंपनीने सफारीच्या काळातले अल्बम जादा गाण्यांसह पुन्हा काढले आहेत, ते डोळे झाकून घ्यावेत.

क्रम विचाराल तर आधी 'द ब्लू मीनिंग', मग 'द चेंजलिंग', त्यानंतर 'अँथम'. ती पचली की 'ओफिलियाज शॅडो'. २०२०च्या टाळेबंदीत ती आणि फ्रिप दर रविवारी स्वयंपाकघरातून चित्रफिती टाकू लागले, त्यांतून ज्यांना ती पहिल्यांदा कळली त्यांनी २०२१च्या 'पॉश पॉप'पासून सुरू केलं तरी हरकत नाही. सायमन डार्लोसोबत लिहिलेला हा अल्बम बाविसाव्या क्रमांकावर गेला. गिटारवादकाचं नाव त्यावर बॉबी विलकॉक्स असं छापलंय, तो फ्रिपच आहे.